ताईचे अकरा दिवस

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. अक्षर ओळखलंच असशील. फाडू नकोस, आधी वाच. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, लेक नोकरीला लागली. हेही बरे आहेत.

माझं काम तेच, सिनेमाचं संकलन. सध्या एक हलकीफुलकी प्रेमकथा हातात आहे. नायकाचं लग्न एका डॉक्टरणीशी ठरलेलं असतं आणि तो पडतो भलतीच्याच प्रेमात. ही डॉक्टरीण चित्रणात फार गोड आलीय. त्याच्या आजारी वडिलांना भरवते, स्वतःवरच हसते. दिग्दर्शक म्हणाला, "हे सगळं उडवा. लोकांना ती आवडली तर आपली नायिका चोर ठरेल. तिचं वेटरवर खेकसणं तेवढं ठेवा."

मी उडवलं. अर्ध्या तासाचं काम.

परवा निवडक प्रेक्षकांना सिनेमा दाखवला. लग्न मोडतं तेव्हा ती एकटीच उभी राहते. अख्खं थिएटर हसलं, टाळ्यासुद्धा पडल्या. मला तिथे बसवेना.

ताई, चोवीस वर्षं मी लोकांना काय सांगत आले, तुला ठाऊक आहे. ताई तापट, चारचौघांत ह्यांना टाकून बोलली, म्हणून त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं. आमचं जुळलं ते नंतर. तू बोललीस हे खरं. का बोललीस, ते मी गिळलं. ह्यांच्या आईच्या ऑपरेशननंतर तू अकरा दिवस इस्पितळात तिच्या उशाशी बसलीस. तुझं जेवण पोचवायच्या निमित्ताने मी रोज ह्यांच्याबरोबर यायचे, आणि परतताना आम्ही लांबच्या रस्त्याने जायचो. ते तुला आम्ही सांगितलंच नाही. शेजारणीने सांगितलं.

काल जेवताना लेकीपुढे सगळं बोलले. हे ताटावरून उठून गेले. लेकीने विचारलं,

"म्हणजे मावशीने काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"आणि मी लहानपणी तिच्या नकला करायचे. तू हसायचीस, आई."

आज डॉक्टरणीचे ते उडवलेले प्रसंग मी परत जोडले. दिग्दर्शक भडकलाय, काम बहुधा जाईल. जाऊ दे.

लेक येत्या रविवारी तुझ्याकडे येतेय, माझं न ऐकता. तिला आत घे. मी येत नाही. बोलावशील असंही धरून चालत नाही.

तुझं सगळं घेऊन बसलेली,
धाकटी