गंजलेल्या खिळ्यांचा आवाज

४ मार्च
रेडिओवरच्या नव्या रहस्यनाटकाची संहिता हातात पडली. संग्रहालयातलं चित्र चोरीला जातं, चौकटीत नक्कल बसते, कुणाला पत्ता नाही. आवाजांचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात — पावलं, दारं, जुन्या चौकटीतून खिळे उपटणं. दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, "खिळे खरे हवेत हं. मागच्या वेळी हाड म्हणून गाजर मोडलंत, कळलं मला." कळलं म्हणे!

७ मार्च
टेपरेकॉर्डर घेऊन दादाच्या कारखान्यात. संग्रहालयाच्या चौकटी वीस वर्षं तोच दुरुस्त करतो. टेबलावर संग्रहालयाचं नदीचं चित्र पालथं पडलेलं. मागे चिठ्ठी — 'मूळ खिळे. कधीही उघडलेले नाही.' दादा आधी म्हणाला, "याचं नको, दुसरं घे." मग स्वतःच पक्कड उचलली. मग, "बरं, याचंच घे."

घरी येऊन टेप चारदा ऐकली. जुना खिळा लाकूड सोडताना कण्हतो. हे गुपचूप बाहेर आले. दिसायला गंजलेले, आवाज मात्र नव्या खिळ्यांचा! म्हणजे चौकट आधी कुणीतरी उघडलीय. आत आहे ते चित्र तरी खरं आहे का? दादाला काही बोलले नाही.

९ मार्च
नाटकाचा तिसरा भाग आला. त्यातला चोर नवे खिळे मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून गंजवतो!! लेखकमहाशयांनी जन्मात हातोडी धरली नसेल. आणि दर शनिवारी दादाकडे ठाण मांडून बसतात — "माहितीसाठी". कुठंतरी पाणी मुरतंय.

१० मार्च
लेखकाने आज विनाकारण कॉफी पाजली. दादाची चौकशी केली. दोनदा.

१३ मार्च
नक्कल उघडकीला आली तर पहिला दादाच अडकणार. चौकट त्याच्याकडे होती ना. बाबा गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून मला शिकवलं त्याने. त्याच्या साधेपणाचा कुणी असा फायदा घ्यावा, याची भयंकर चीड येतेय. ठरलं — उद्या टेप घेऊन संग्रहालयात जायचं आणि लेखकाचं नाव सांगायचं.

१४ मार्च
निघताना कँटीनमध्ये लेखक दिसला. राहवलं नाही. विचारलं, खिळ्यांचं कुठून सुचलं?

"अहो, मला काय कळतंय त्यातलं! अख्खी गोष्ट तुमच्या दादांची. मी नुसती संवादात बसवली. एकच अट होती त्यांची — आवाज माझ्या बहिणीनेच करायचे."

कॉफी तशीच राहिली. संग्रहालयात गेले नाही.

१५ मार्च
स्वयंपाकघराच्या जुन्या खिडकीचे खिळे उपटून नवा आवाज घेतला. छान कण्हले. बाई खूश.

दादाला फोन केला. "ते खिळे ऐकले मी," एवढंच मी म्हणाले. तो फोन ठेवेना. फार राग आलाय त्याचा.

पहिली टेप पुसली.