माणशी चार

शनिवार, ८ जून

आजपासून मी म्हणजे चार मासे.

सकाळी कॉफी पिता पिता रेनोनं सांगितलं – तुझं लायसन्स काढलंय, चल. बावन्न वर्षांच्या संसारात या माणसानं मला होडीत कधी पाय ठेवू दिला नाही. ती त्याची आणि त्याच्या दोस्ताची, लुडी पेर्कोची जागा. या हिवाळ्यात लुडी छपरावरचा बर्फ उतरवताना पडला, खुबा मोडला, गावातल्या वृद्धाश्रमात खुर्चीला खिळला. आणि केटल तलावावर नियम आहे – दिवसाला माणशी चार वॉलआय मासे. एकटा गेलास तर चार. दोघं गेलात तर दोघांचे मिळून आठ, मग कुठला कोणी पकडला हे कोणी विचारत नाही. फक्त दोघं एकमेकांना दिसायला हवेत आणि हाक ऐकू जायला हवी.

म्हणजे बायको नको होती, बायकोचे चार हवे होते.

"तू नुसती बस," म्हणाला. "बाकी मी बघतो."

बसले. चार तास. त्यानं बघितलं. मासा मिळाला एक.

रविवार, ९ जून

कंबर! फळीवर बसायचं लायसन्स वेगळं काढायला हवं.

शनिवार, १५ जून

पहिला तास – मासे लागत नाहीत, कारण मी बोलते. दुसरा तास – कारण माझी टोपी पिवळी आहे. तिसरा तास – कारण मी थर्मासचं झाकण वाजवलं. इथे पन्नास फूट खाली मासे बसलेत आणि आयली हाकालाच्या थर्मासकडे कान लावून आहेत.

कंटाळून लुडीची जुनी गळाची काठी उचलली. जळू कशी लावायची ते रेनोनं तोंडानं सांगितलं, हात लावला नाही. तीच होडी, तेच पाणी, त्याच डब्यातल्या जळवा. मला दोन मिळाले. त्याला शेवाळ.

येताना आमिषाच्या दुकानात कोणीतरी विचारलं, काय मिळालं? रेनो म्हणाला, "आम्हाला दोन मिळाले."

मागच्या शनिवारी याच काउंटरपाशी हाच माणूस म्हणाला होता, "मी एक पकडला."

शनिवार, २९ जून

मी तीन. तो एक. घरी फोनवर मुलीला सांगत होता, "आमचे चार झाले."

मला होडीत घ्यायची एवढी घाई कसली ते आज कळलं. दहा ऑगस्टला लुडीला ऐंशी पुरी होतात. दुपारपुरतं त्याला वृद्धाश्रमातून घरी आणणार. सहाही मुलं येणार, अलास्कातली धाकटीसुद्धा. आणि माझ्या नवऱ्यानं लुडीच्या बायकोला, जोसीला, परस्पर शब्द देऊन ठेवलाय – केटल तलावाचे आठ वॉलआय आणतो, आदल्या दिवशीचे, ताजे.

विचारलं, "आजवर आठ कधी आणलेस?"

"लुडीबरोबर नेहमी आठ व्हायचे."

"त्यातले तुझे किती?"

"तसं मोजत नाहीत," म्हणाला. होडीची मोटर सुरू केली. मोटरीच्या आवाजात संभाषण संपवणं ही या माणसाची कला आहे.

शनिवार, ६ जुलै

आज थोडक्यात वाचले.

होडीत भांडण झालं. विषय टोपी. म्हटलं, मला त्या खडकावर उतरव, तू तुझा माशांशी एकांतात बोल. उतरवलं. मी खडकावर, तो दोनशे हात लांब. दीड तासात मी पाच काढले. पाच! दोरीला ओवून पाण्यात सोडले आणि राणीसारखी बसले.

तेवढ्यात मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डन बाईची होडी. कोवळी पोर, पण नजर सरकारी. दोरी वर ओढली, मोजले. "मिसेस हाकाला, हे पाच आहेत."

मी म्हटलं, "पाचवा माझ्या नवऱ्याचा. आम्ही दोघं मिळून मासेमारी करतो."

"कुठे आहेत ते?"

दाखवला. तो पाठ करून बसलेला. त्या पाठीला मी चांगली ओळखते, रुसलेली होती.

"फोन न करता त्यांना तुमचं ऐकू जातं?"

"आवाज पोचतो," म्हटलं. "ऐकणं वेगळं."

ती हसली नाही. म्हणाली, हाक मारा. मी मारली. पाठ हलली नाही. पुन्हा मारली. चाराचे पाच झाले म्हणजे दंड, शिवाय माझं नाव गावात. टाउनशिपच्या पत्रकात छापतात. तिसऱ्यांदा ओरडले, "रेनो, ही बाई मला धरून नेतेय!"

तेव्हा वळला. सावकाश. तिकडून म्हणाला, "कुठे सही करायची?"

वॉर्डन हसली. चला, दिसतंही आणि ऐकूही जातं, म्हणाली आणि गेली. त्याच्या होडीत मासे किती होते? शून्य. त्याच्या वाट्याचे चार रिकामे होते म्हणून माझा पाचवा कायद्यात बसला. घरी येईपर्यंत तीनदा म्हणाला, "माझ्यामुळे सुटलीस."

हेच दुःख आहे. खरं होतं.

शनिवार, २० जुलै

पाऊस, होडी बंद. एकटीच वृद्धाश्रमात गेले, लुडीला धुरी दिलेला मासा घेऊन. तो खिडकीपाशी, मांडीवर शाल, पण जीभ शाबूत.

"तू पकडलास हा? जबडा बघितलास? मधोमध लागलाय गळ. छान." एवढं कौतुक बावन्न वर्षांत घरी झालं नाही. मग मीही विचारलं – "लुडी, खरं सांग. रेनोला मासे पकडता येतात?"

इतका हसला की नर्स डोकावली.

"रेनो? अगं, चाळीस वर्षं त्याचे चारही मीच भरले. तो पुढच्या फळीवर बसायचा, गोष्टी सांगायचा. मधूनच गळ ओढायचा, रिकामा. मी म्हणायचो, लागला होता रे, सुटला. काय बोलणार? पण तो नसता तर मला चारावर थांबावं लागलं असतं."

म्हणजे चाळीस वर्षं रेनोही होडीत नुसता चार मासे म्हणून बसलेला! आणि मला आल्या दिवशी ऐकवतो, नुसती बस.

घरी येऊन काही बोलले नाही. असलं शस्त्र लगेच वापरून संपवायचं नसतं. जेवताना तो म्हणाला, "एकटीच काय हसतेस?" म्हटलं, सूप छान झालंय.

शनिवार, २७ जुलै

मी चार, तो शून्य. "वारा पश्चिमेचा होता." मला कुठल्या दिशेचा होता?

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आठ!

पहाटे धुकं होतं, पाणी तेलासारखं. साडेआठपर्यंत माझे सहा. सातव्याला तासभर वाट पाहिली. रेनो आज टोपीवर बोलला नाही, थर्मासवर बोलला नाही. जाळी घेऊन उभा, प्रत्येक मासा त्यानंच आत घेतला, एकही सुटू दिला नाही. सातवा मी. आठवा त्याच्या गळाला लागला, वीतभर. मी म्हटलं सोड, म्हणाला नाही, मोजणीत येतो.

धुऊन, कापून, बर्फात ठेवले. रेनो पेटीचं झाकण उघडून पुन्हा पुन्हा बघत होता. म्हणाला, "जोसीला बरं वाटेल." लुडीचा वाढदिवस, आणि याला जोसीची काळजी.

शनिवार, १० ऑगस्ट

जोसीच्या अंगणात तीस माणसं. सहा मुलं, त्यांची मुलं, अक्रोड भरलेला पोटिका पाव, बटाट्याचं सॅलड, मधोमध लुडी खुर्चीत. मासे मी तळले. पहिला तुकडा लुडीला. डोळे मिटून खाल्ला.

थोरला मुलगा म्हणाला, "रेनोकाका, मानलं तुम्हाला. आठच्या आठ."

आणि रेनो म्हणाला, "आम्ही शब्द दिला होता, आणले."

बस. मी चिमटा हातात घेऊनच उभी राहिले. म्हटलं, मंडळी, हे 'आम्ही' जरा फोडून सांगते. आजचे 'आम्ही' म्हणजे सात मी आणि एक रेनो – त्याचा मासा तिकडे आहे, मोहरीच्या सॉसच्या बाटलीमागे, शोधा. आणि चाळीस वर्षांचे 'आम्ही' म्हणजे लुडी. सगळे लुडी! माझा नवरा होडीत दगडासारखा ठेवलेला असायचा, वाऱ्यानं होडी हलू नये म्हणून. फरक एवढाच की दगडाला लायसन्स लागत नाही.

हशा असा झाला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. लुडीनं डोळे पुसले. धाकटी म्हणाली, काकू, पुन्हा सांगा, व्हिडिओ घेते. मी पुन्हा सांगितलं. वॉर्डनची गोष्टही सांगितली, पाठीसकट.

रेनोनं थोडं सॅलड वाढून घेतलं. जोसी तेवढी हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

गाडीत, घराच्या वळणावर म्हणाला, "चांगलं बोललीस." टोमणा म्हणावा तर आवाज तसा नव्हता.

आता लिहिताना हात दुखतोय, तळण्यानं. पण काय दिवस गेला.

रविवार, ११ ऑगस्ट

चर्च सुटल्यावर जोसी माझी परात द्यायला आली. बसली नाही. म्हणाली, काल रेनोला तसं बोलायला नको होतंस.

मग उभ्या उभ्याच सांगितलं. त्र्याऐंशी साली खाण बंद पडली, लुडी दोन वर्षं घरी, सहा पोरं. दर शनिवारी दोघांच्या वाट्याचे सगळेच्या सगळे मासे रेनो हिच्याकडे उतरवायचा. लुडी म्हणायचा, अरे, तुझे ने. तो म्हणायचा, आयलीला माशाचा वास सहन होत नाही, घरी नेले तर मला बाहेर काढेल, तुम्हीच उपकार करा.

"तुझ्या नाकावर माझी पोरं वाढली गं," जोसी म्हणाली. "कधी आभार मानले नाहीत. लाज वाटायची."

माशाचा वास मला कधीच खुपला नाही. ती दोन वर्षं मात्र आठवतात. दर शनिवारी तो रिकाम्या हातानं यायचा आणि मी दारातच सुरू व्हायचे.

गॅसवर मासा तळत होता. जोसीनं कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रेनोसाठी गं," म्हटलं. "मला अजूनही वास नाही सहन होत."

आणि तिच्यासमोर उठून खिडकी उघडली.