सहज विचारतो

ता. ६ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी कॉमेंट वाचली. आधी खुदकन हसले आणि मग उठून दार लावून घेतलं. अगं, ब्लॉगवरच्या लेखाखाली कुणी ‘चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद’ अशी सुरुवात करतं का? पुढे माझ्या खोकल्याची चौकशी, मग तुझ्या गुडघ्याचं पुराण, आणि शेवटी तुझं नाव, आडनावासकट, खाली ‘निवृत्त, पत्रव्यवहार विभाग’. फक्त शिक्का मारायचा राहिला होता! दिसल्याबरोबर मी ती काढून टाकली. पण मला दुकानाच्या मालकीणबाईंचा कॉम्प्युटर मिळतो तो फक्त रविवारी, आणि तू लिहिलं होतंस गुरुवारी. मधल्या वेळात ती कुणाकुणाच्या नजरेला पडली असेल, या विचारात मी भाजी करपवली.

रागावू नकोस. तिथे मी नुसती ‘चेनवाली’ आहे. एक बाई बॅगांच्या चेन, हँडल, चाकं दुरुस्त करते आणि त्याबद्दल लिहिते, एवढंच लोकांना माहीत. मी नवऱ्याचं घर सोडून कुठे आले हे त्याला कळता कामा नये. त्यानं माझ्याशी किंवा माझ्या माणसांशी संबंध ठेवायचा नाही असं कोर्टानं बजावलंय खरं, पण कागदानं काही पाय बांधले जात नाहीत. म्हणून तर फोन बंद ठेवून आपण वकीलबाईंच्या ऑफिसमार्फत पत्रं लिहितोय.

तू गप्प बसणार नाहीस हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून कॉमेंटची रीत सांगते. लेख शेवटपर्यंत वाचायचा, अर्ध्यावर सोडून मत द्यायचं नाही. ‘छान’, ‘सुंदर’ एवढंच लिहून पळायचं नाही. लेखातलं एखादं वाक्य किंवा एखादी गोष्ट धरायची आणि ती का आवडली ते सांगायचं. पटलं नसेल तर तेही लिहायचं, पण समोर बसून बोलल्यासारखं. लेखापेक्षा कॉमेंट लांब नको, आणि लेख बॅगेबद्दल असताना गुडघा तर नकोच नको. जमलं तर शेवटी एखादा प्रश्न विचारावा, लिहिणाऱ्याला बरं वाटतं. नाव लिहू नकोस, मला ठकू म्हणू नकोस, आणि तू माझी कोण हे चुकूनही सांगू नकोस.

मी बरी आहे. दुकानाच्या वरचीच खोली मिळाली आहे, खिडकी पश्चिमेला. समोर गाडी शिकणाऱ्यांचं परीक्षेचं मैदान आहे. दिवसभर लोक तिथे इंग्रजी आठ काढत असतात, दांड्या पाडतात आणि घाबरून हॉर्न वाजवतात. काल एकाची गाडी उलटी आमच्या पायरीपर्यंत आली. हे ब्लॉगवर लिहिता येत नाही, म्हणून तुला लिहिते. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
ठकू

---

ता. १९ जून

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (इथे तरी लिहू देशील ना?)

तुझं फर्मान मिळालं. आमची अक्कल काढलीस ते बरंच केलंस, या वयात कुणी काढत नाही. आता मी ‘एक वाचक’ आहे. फिरत्या विक्रेत्याच्या पेटीवरचा तुझा लेख नीट वाचला. त्या पेटीचं हँडल त्याच्या मुठीच्या आकाराचं झिजलं होतं म्हणून तू नवीन न लावता जुन्यालाच आतून पट्टी दिलीस, ती जागा मी धरली. गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही. किती गुण देतेस?

पण माझ्याहून हुशार विद्यार्थी तुझ्याकडे आधीच आहे. ‘प्रवासी’ नावाचा कुणी आहे बघ. इतकं मन लावून वाचणारा माणूस मी तरी पाहिला नाही. तुझं एखादं वाक्य उचलतो, त्यावर नेमकं बोलतो, आणि शेवटी अदबीनं म्हणतो, सहज विचारतो, आणि मग एक प्रश्न. आणि तू त्याला उत्तरच देत नाहीस! रविवारी येतेस, लेख टाकतेस आणि जातेस. साबणाच्या कंपनीत मी इतकी वर्षं काढली, पण आलेलं पत्र उत्तराशिवाय फाइलला लागू दिलं नाही. फेस येत नाही म्हणून तक्रार आली तरी संध्याकाळच्या टपालाला आमचं उत्तर तयार. मला राहवेना. म्हटलं, पोरीच्या कामाचा व्याप मोठा, आपण तेवढा हातभार लावावा.

मशीनच्या आवाजाचा त्रास होतो का, असं त्यानं विचारलं होतं. मी लिहिलं की समोरच्या मैदानात गाडी शिकणारे इतके हॉर्न वाजवतात की मशीन त्यापुढे काहीच नाही. बारीक कामाला उजेड पुरतो का? म्हटलं, पश्चिमेची खिडकी आहे. काम संपल्यावर अंधारातून एकटीनं घरी जावं लागत असेल, असं त्याला वाटत होतं. त्याची काळजी मिटवली, की खोली दुकानाच्या वरच आहे. नाव नाही, गाव नाही, सगळं तुझ्या रीतीनं. त्यानं लगेच आभार मानले. ‘फार उपकार झाले, आत्याबाई’ असं लिहिलंय. किती घरगुती, नाही? हल्लीच्या माणसांना अशी बोलण्याची पद्धत राहिलेली नाही.

खोकल्याला गरम पाणी पीत जा. पत्राचं उत्तर लवकर दे, वाट पाहते.

तुझीच,
आत्या

---

ता. २३ जून

ती. आत्यास,
सा. न.

आत्या, तू ‘एक वाचक’ अशी सही केली होतीस. तू बाई आहेस की बुवा हेसुद्धा तिथे नव्हतं. मग त्यानं तुला आत्याबाई कसं म्हटलं?

तो आहे. तुझ्या नावाची ती पहिली कॉमेंट त्याला सापडली असणार आणि तेव्हापासून तो तिथे बसून आहे. काल रविवारी मी सगळं वाचलं. मालकीणबाईंनी खुर्चीवरून उठवून पाणी दिलं. सगळ्या कॉमेंट काढून टाकल्या, पण आता त्याचा काय उपयोग?

तुम्हा सगळ्यांना वाटायचं की तो मारत असेल, ओरडत असेल. तो कधीच ओरडला नाही, हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. मी बाहेरून आले की तो मला समोर बसवायचा आणि म्हणायचा, सहज विचारतो. मग बस कुठली होती, शेजारी कोण बसलं होतं, दुकानदार काय बोलला, मी हसले का, हसले तर कशाला. उत्तर दिलं की त्यातून पुढचा प्रश्न. उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, रडलं तर रडण्याचं कारण. आवाज मात्र शेवटपर्यंत मऊ. ते दोन शब्द ऐकले की माझं अंग आपोआप ताठ व्हायचं. परवा गिऱ्हाइकानं सहज म्हणून भाव विचारला तर माझ्या हातातली कात्री पडली.

मी तुला सगळी रीत सांगितली आणि एकच सांगायची राहिली. प्रश्न ज्याला विचारला त्यानंच उत्तर द्यायचं. दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्याला आपण परस्पर आतली खोली दाखवायची नसते. तुला बोल लावत नाही गं. तू तुझ्या मायेनं केलंस, पण मला फार भीती वाटते.

गावाचं नाव त्याला अजून माहीत नाही. पण परीक्षेच्या मैदानासमोर बॅग दुरुस्तीची दुकानं अशी असून असणार किती? तो एकेक गाव पालथं घालेल, त्याला घाई नसते. वकीलबाई दुसरी जागा बघताहेत, शनिवारपर्यंत थांब म्हणाल्या. तोवर मी पडदा लावून मशीनवर बसते. मैदानात एखादी गाडी आठ न काढता नुसती उभी राहिली तरी माझा टाका चुकतो.

लोभ असू दे, आणि कुणालाही काही लिहू नकोस.

ठकू

---

ता. २५ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि माझं मागचं पत्र आठवलं. ‘किती घरगुती’ असं मीच लिहिलं होतं ना? माझ्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

लिहू नकोस म्हणालीस, तरी मी लिहिलं आहे. त्याच लेखाखाली ‘प्रवासी’ला कळवलं, की चेनवालीची तब्येत बरी नसल्यानं तिला आठवडाभर माझ्याकडे आणलं आहे, उत्तराला उशीर झाला तर राग नसावा. माझं घर त्यानं पाहिलेलं आहे. तो माझ्या दारात आला तर निदान तुझ्या दारात नसेल, आणि तुला शनिवारपर्यंत मोकळीक मिळेल.

वकीलबाईंना नंतर सांगितलं. त्यांनी मला असं फैलावर घेतलं की कंपनीतले साहेबसुद्धा कधी इतके बोलले नव्हते. मग त्यांनीच चौकीत जाऊन एक पोलीसबाई मिळवल्या. साध्या कपड्यांत माझ्या स्वयंपाकघरात बसल्या आहेत आणि शेंगा सोलून देताहेत. तो आला की कोर्टाचा हुकूम मोडला असं लिहून घेता येईल, म्हणतात. मी धीट आहे असं समजू नकोस. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की माझा जीव टांगणीला लागतो.

आत्या

---

ता. २६ जून

आत्या,

मायना लिहायलाही वेळ नाही, वकीलबाईंचा माणूस खाली थांबला आहे. हे काय करून बसलीस! तुझी कॉमेंट काढावी तर तो इकडे वळेल, ठेवावी तर तुझ्याकडे येईल. माझा हात कुठेच चालत नाही.

दार उघडू नकोस. उघडलंसच तर त्याच्याशी बोलू नकोस, एका शब्दानंही नको. तो साधंच विचारेल, तब्येत कशी आहे, चहा घेतला का. त्याचंही उत्तर देऊ नकोस. एकदा उत्तर दिलं की थांबता येत नाही, हे मी भोगलंय. पाया पडते तुझ्या.

ठकू

---

ता. २९ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तो शनिवारी दुपारी आला. घंटी वाजवली नाही, बोटानं हलकेच दार वाजवलं. पोलीसबाई आत आडोशाला राहिल्या आणि मी दार उघडलं. बूट काढून एका रेषेत ठेवले, हात जोडले आणि समोरच्या खुर्चीत बसला. माझा गुडघा कसा आहे, असं त्यानं विचारलं. तुझं पत्र आदल्या दिवशी मिळालं होतं म्हणून बरं. नाहीतर मी सांगायला सुरुवात केलीच होती, शब्द ओठांवर आले होते. मी तोंड घट्ट मिटलं. उत्तर न देता बसणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. ठकू, तू त्या खुर्चीसमोर वर्षानुवर्षं कशी बसलीस गं?

मी बोलत नाही हे कळल्यावर तो रागावला नाही. हसला, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि म्हणाला की मग तोच बोलेल, मी नुसतं ऐकावं. आणि एकेका गावाचं नाव घेऊ लागला. सावकाश, एक नाव घ्यायचं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायचं, मग दुसरं. मी हूं की चूं केलं नाही. कितवंतरी नाव घेतलं आणि मी पदर सारखा करायला खाली बघितलं. नुसतं खाली बघितलं, इतकंच. तो तिथेच थांबला. पुढचं नाव घेतलंच नाही. माझे आभार मानून उठला.

तेवढ्यात पोलीसबाई बाहेर आल्या. त्यांच्याशीही तो अदबीनंच वागला, आत्याबाईंच्या तब्येतीची चौकशी करायला आलो होतो म्हणाला. चौकीत जबाब झाला, हुकूम मोडल्याबद्दल त्याला आत ठेवलं आहे. पण थोड्या दिवसांत जामिनावर सुटेल, असं वकीलबाई स्पष्टच म्हणाल्या. मी त्यांना त्या नावाबद्दल सांगितलं. त्यांनी जागेवरून उठून तुमच्या मालकीणबाईंना फोन लावला. संध्याकाळी तुला तिथून हलवल्याचं मला नंतर कळलं. ब्लॉगही बंद केला म्हणाल्या. जाताना मशीन सोबत नेता आलं का, हे विचारायचं फार मनात होतं, पण विचारलं नाही.

हे पत्र वकीलबाई तुला पोचवतील. आता नीट ऐक. तू कुठे आहेस, खिडकी कुठल्या दिशेला आहे, समोर काय दिसतं, यातलं काहीही मला कळवू नकोस. वकीलबाईंनाही मी सांगून ठेवलंय, की मी कितीही गयावया केली तरी मला सांगायचं नाही. तोंड मला मिटता आलं, पण डोळे मिटता आले नाहीत. तो सुटला की परत येऊन त्याच खुर्चीत बसेल आणि पुन्हा नावं घेईल. तेव्हा मला खरोखरच काही माहीत नसायला हवं.

खोकला अंगावर काढू नकोस. लोभ आहे, तो आता मनातल्या मनात ठेव. या पत्राचं उत्तर पाठवू नकोस.

तुझीच,
आत्या