शाळेमागच्या मोकळ्या जागेबाबत

मी, फेलिसितास माग्बानुआ, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार सान रोके वस्ती, पानाय बेट, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं. मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील गेले. धाकटा भाऊ सेवेरिनो आहे, पण कायद्याने त्याला काही देणं मला बंधनकारक नाही. हे मी वकिलाला दोनदा विचारून घेतलं आहे.

१. शाळेमागची माझी जमीन वस्तीच्या पालकसंघाला, फक्त मुलांच्या खेळासाठी. कारण नोंदवते.

अकरा वर्षांपूर्वी सेवेरिनो आमचा मुख्याध्यापक झाला आणि गुण वाढवायचे म्हणून त्याने मधली सुट्टी बंद केली. मुलांनी डबा बाकावरच खायचा. अंगणात शिक्षकांच्या मोटरसायकली लागल्या. दहा वाजेपर्यंत माझ्या तिसरीच्या वर्गात घामाचा आणि आंबलेल्या भाताचा वास कोंडायचा. मुलांचे डोळे बाजारातल्या शिळ्या माशांसारखे व्हायचे. आठ वर्षांच्या रोसेलला त्याने ‘मंद’ मुलांच्या यादीत घातलं होतं.

मी वर्ग रोज पंचवीस मिनिटं माझ्या जमिनीवर नेऊ लागले. मुलं चपला फेकून मधोमध ठेवलेला पत्र्याचा रिकामा डबा पाडायची, पळायची, भांडायची, भांडण स्वतःच मिटवायची. धापा टाकत परत आली की मुकाट्याने पुस्तक उघडायची. रोसेल खेळाचे गुण मोजायची. त्यातच तिची बेरीज-वजाबाकी सुटली. जानेवारीत ती ओळीखाली बोट न ठेवता सबंध पान वाचू लागली.

एके दिवशी सेवेरिनो तिथे आला आणि मुलांदेखत म्हणाला, “ताई, पगार शिकवायचा घेतेस की बकऱ्या राखायचा?”

मी म्हटलं, “बकऱ्यांनासुद्धा सकाळी सोडावं लागतं रे. तू या पोरांना तेवढंही देत नाहीस.”

दुसऱ्या दिवशी मागच्या फाटकाला कुलूप लागलं. मी वर्गाला पुढच्या दाराने, रस्त्यावरून वळसा घालून नेलं. त्याने माझ्या नावे तीन लेखी ताकिदी काढल्या. वर्षअखेरीस माझा वर्ग जिल्ह्यात पहिला आला. सन्मानचिन्ह सेवेरिनोने घेतलं आणि भाषणात सांगितलं, की हे सलग बसवून करून घेतलेल्या अभ्यासाचं फळ. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या भाषणाची किळस अजून गेलेली नाही. पुढच्या वर्षी मला वर्गच दिला नाही, भांडारघर दिलं. निवृत्तीपर्यंत मी तिथे खडू मोजले. आता याच जमिनीवर त्याला शिकवणीची इमारत हवी आहे.

म्हणून अट: इथे छप्पर, बाक, पुतळा, पाटी काहीही नको. माझं नावही नको. एक जरी बाक ठेवला, तर जमीन शेजारच्या पोर्फिरिओची.

२. घर रोसेलला. ती आता शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे. तिला अट नाही.

३. बँकेतली बचत पालकसंघाला. दर जूनला दोऱ्या, चेंडू, मलमपट्टी आणि चपला घ्याव्यात. फेकून फेकून त्या तुटतात आणि पोरं घरी मार खातात.

४. सेवेरिनोला बाबांची जड लाकडी खुर्ची. तिच्यावर त्याने एकदा सकाळपासून दुपारपर्यंत न हलता बसून पाहावं. शौचाला जायचं तर हात वर करून परवानगी मागावी. मी त्याला माफ केलं, असं पाद्रीबाबांनी माझ्या वतीने कोणाला सांगू नये.

५. माझ्या अंत्ययात्रेसाठी मुलांना उन्हात रांगेत उभं करू नये. सेवेरिनोने भाषण करू नये. शवपेटी मैदानावरून जाताना खेळ चालू असेल तर तो थांबवू नये. चेंडू पेटीवर येऊन आपटला, तर डाग पुसत बसू नये. चेंडू मुलांकडे परत टाकावा.

हे वाचून, समजून, तिघांच्या समक्ष सही केली. त्यांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष केली.

फेलिसितास माग्बानुआ (सही)

साक्षीदार:
दोलोरेस पानिसा, सुईण (सही)
आर्तेमियो गिमेनो, सुतार (सही)
विर्हिलियो तुपास, तीनचाकी चालक (सही)

सान रोके, १४ नोव्हेंबर २०२३