तिच्या वतीने

प्रिय दादा,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडणार होते, पण मग पत्राची सुरुवातच खाडाखोडीने झाली असती आणि तू पहिली ओळ बघूनच वहिनीला म्हणाला असतास, बघ, चिडलीय. तर हो, चिडलेय. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुला अंदाज बांधत बसायला नको. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू तुझा तो व्यासपीठावरचा आवाज काढतोस आणि तो कानावर पडला की या वयातही माझी बोलती बंद होते. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

काल तुझा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची दांडी कानामागे नीट बसेल अशी वाकवत होते. निरोप वाचला आणि दांडी इतकी वाकवली की ती बदलून द्यावी लागली. तू लिहिलंयस, या सगळ्या गैरसमजावरचा उपाय तुला प्रार्थनेत सुचला. माझ्या कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीत मी पहिल्याच पानावर छापायचं की यातला मुख्य प्रसंग मला माझ्या पाळक बंधूंच्या संदेशावरून सुचला. म्हणजे लोक मला चोर म्हणायचे थांबतील आणि भावाबहिणीच्या प्रेमाची साक्षही होईल. धन्य आहे तुझी! वस्तू माझ्या घरातून उचललीस, आणि आता ती तू मला भेट दिलीस असं मी लिहून द्यायचं?

हे पुस्तक कसं झालं ते तुला माहीतच नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. चर्चच्या मेळाव्याला भेटलास की 'काय गं, लिखाण चालू आहे ना?' म्हणायचास आणि उत्तराआधीच पुढच्या माणसाचा हात हातात घ्यायचास. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे, त्याच्या शेजारी एक स्टूल. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे बसून लिहिलं. मालक म्हणायचे, बाई, डोळे जपा, तुम्हालाच नंबर वाढवून द्यावा लागेल. लिहायला बसताना एकच प्रार्थना करायचे, की प्रभू, आज माझ्याकडून खोटं लिहून घेऊ नकोस. बाकी काही मागितलं नाही, यशही नाही. खोटं लिहायला मला चांगलं जमतं, म्हणून तेवढंच मागायचे. आणि झालेलं प्रत्येक पान संध्याकाळी आईला मोठ्याने वाचून दाखवायचे. ती खिडकीजवळ काजं करत बसलेली असते, अजूनही शिंपी तिच्याकडेच पाठवतो. पान आवडलं तर सुई चालू राहते. कुठे खोटं वाजलं की सुई थांबते. मग मी ते पान पुन्हा लिहायचे.

आपल्या त्या धार्मिक पुस्तकवाल्या प्रकाशकाने हस्तलिखित परत केलं, तेही तुला माहीत नसेल. भाषा ओघवती आहे म्हणे, पण शेवट आशेचा करा, मग बघू. मी नाही केला. म्हणून सगळं स्वतःच शिकले. पानांची मांडणी, समास, मुखपृष्ठ, वेबसाइटवर फाईल चढवणं. पहिल्या नमुना प्रतीत कण्यावर माझं नाव उलटं आलं होतं, पुस्तक फळीवर ठेवायचं तर डोक्यावर उभं करून. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या नमुन्यात प्रकरणांचे आकडे गायब. चुकत माकत, शिव्या न देता (एक सोडून), ते पुस्तक मी उभं केलं. त्यात तुझी एकच मदत मागितली होती. बायबलमधल्या वचनांचे संदर्भ बरोबर आहेत का, एवढं बघून दे. तू पाळक आहेस, वर माझा भाऊ आहेस, अजून कुणाकडे पाठवणार होते?

संदर्भ तू पाहिलेस की नाही, देव जाणे. वार्षिक मेळाव्यात मी आणि आई दुसऱ्या रांगेत बसलो होतो, तू क्षमेवर संदेश देत होतास, आणि तू म्हणालास की मी एका इस्त्रीवाल्या बाईला ओळखतो. माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. तू ओळखतोस? ती इस्त्रीवाली मी घडवलीय. तिचा तो लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली गेलेला मुलगा, तिचा चर्चच्या मंडळीत मान असलेला नवरा, आणि दर प्रभुभोजनाला रांगेतून फिरणारं भाकरीचं ताट आलं की एकही तुकडा न उचलता ते शेजारच्याकडे सरकवणारा तिचा हात. सगळं तू जसंच्या तसं सांगितलंस, माझी वाक्यंसुद्धा. फक्त शेवट तुझा. तुझ्या गोष्टीत एका रविवारी तिला रडू फुटतं, ती भाकर घेते आणि उठून त्या ट्रकवाल्याला मिठी मारते. अख्खा मंडप रुमाल काढून बसला होता. माझ्या पुस्तकात ती भाकर घेत नाही, दादा. शेवटच्या पानावरही ती ताट पुढेच सरकवते. त्याचसाठी प्रकाशकाने पुस्तक नाकारलं होतं आणि त्याचसाठी मी ते स्वतः छापलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "अगं, दाखला कुणाचाही असो, गौरव प्रभूचाच ना?" वर म्हणालास, किती छान कल्पना सुचली तुला, मला राहवलं नाही. कल्पना! त्या शब्दाकडे मी परत येणार आहे. त्या दिवशी मी मूग गिळून बसले, ही माझ्याच मूर्खपणाची कमाल. तोवर तुझ्या संदेशाचा व्हिडिओ सगळ्या मंडळ्यांमधून फिरला होता. मग माझं पुस्तक आलं. पहिलाच अभिप्राय एक तारा. पाळकसाहेबांच्या संदेशातली गोष्ट उचलली आहे आणि तिचा शेवटही बिघडवला आहे. दुसऱ्याने लिहिलं, निदान त्यांचं नाव तरी द्यायचं. महिला मंडळाच्या बाईंनी पुस्तकांच्या टेबलावरून माझी चळत हलक्या हाताने उचलून पिशवीत भरली आणि म्हणाल्या, थोडे दिवस जाऊ देत. माझ्या मंडळीत, माझ्याच माणसांसमोर! गौरव प्रभूचा, मग आळ तेवढा माझ्या माथी का रे? एक वाक्य बोलला असतास तर सगळं मिटलं असतं. 'ही गोष्ट माझ्या बहिणीची.' तू लाखो शब्द बोलतोस, तेवढे चार तुला जड झाले?

आता ती 'कल्पना'. मला अजून कळत नाही की तू सोंग घेतोयस की तुला खरंच आठवत नाही. आठवत नसेल तर मला जास्त राग येईल. मंडळीची सहल आठवते? मैदान, ती भाड्याची बस, आणि आपली छोटी चेंडूमागे बसच्या मागे गेली ते? ड्रायव्हर आपल्याच मंडळीतला. त्याने मागे न बघता बस मागे घेतली. वाईट माणूस नव्हता, त्यानंतर तो कधी धड सावरलाच नाही, हे मलाही दिसत होतं. पण पुढच्याच रविवारी बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, "मी आणि माझ्या पत्नीने या भावाला क्षमा केली आहे." सगळी मंडळी रडत होती. बाबा त्या दिवशी फार मोठे झाले, आणि गेले तेव्हासुद्धा लोक तेच आठवत होते. आई माझ्या शेजारी बसली होती. तिला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. छोटीचे फ्रॉक अजून दोरीवर वाळत होते, ते कुणी काढायचे हेसुद्धा घरात ठरलं नव्हतं, आणि तिची क्षमा जाहीर होऊन गेली होती.

त्या रविवारपासून आईने भाकर घेतलेली नाही. मनात अढी ठेवून ती भाकर घ्यायची नसते, हे तूच शिकवतोस. क्षमा केली नाही आणि केली असं सांगून झालंय, मग ते ताट कुठल्या तोंडाने घ्यायचं? खोटं करणं तिला कधी जमलं नाही. बायका म्हणायच्या, किती नम्र, स्वतःला पात्र समजत नाही. आणि ती ताट पुढे कुणाकडे सरकवायची, दादा? तुझ्याकडे. दृढीकरण होऊन तुला भाकर घेता यायला लागली, तेव्हापासून तू तिच्या डावीकडे बसायला लागलास. ते ताट तिच्या हातातून तुझ्या हातात यायचं, तू तुकडा उचलायचास आणि डोळे मिटायचास. वर्षानुवर्षं. आणि तू मला सांगतोस की छान कल्पना सुचली?

मी ते प्रकरण लिहायच्या आधी आईला विचारलं होतं. हो, विचारलं होतं, आपल्या घरातली ही नवीच पद्धत. तिने हातातलं काज पुरं केलं, मग म्हणाली, नाव बदल, धंदा बदल, मुलीचा मुलगा कर, शेवटाला मात्र हात लावू नकोस. मी नाही लावला. तू लावलास. ती दुसऱ्या रांगेत बसलेली असताना, तिच्या डोळ्यांदेखत, हजार माणसांसमोर तू तिला भाकर घ्यायला लावलीस आणि त्या माणसाला मिठी मारायला लावलीस. एकदा बाबांनी तिच्या वतीने क्षमा करून टाकली, आता तू. तुम्हा दोघांना तिच्या वतीने बोलायचा अधिकार दिला कुणी? माझी गोष्ट चोरलीस, ते मी कदाचित कधीतरी विसरेन. तिची जी एकच गोष्ट तिने कुणाला हिसकावू दिली नव्हती, ती तू टाळ्यांसाठी वापरलीस, ते कसं विसरू? संदेश संपल्यावर तू खाली येऊन तिच्या पाया पडलास आणि विचारलंस, आई, कसा झाला? ती म्हणाली, आवाज छान पोचत होता. तू खूश झालास.

पुस्तकाचं म्हणशील तर ती ओळ मी छापणार नाही, आणि पुस्तक मागेही घेणार नाही. गोष्ट कुणाची आहे आणि तिचा खरा शेवट काय आहे, ते तू त्याच व्यासपीठावरून, त्याच आवाजात सांगायचंस. ते मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण पत्राला बसले ते त्यासाठी नाही. पुस्तकासाठी मी आणखी वर्षभर तुझ्याशी अबोला धरू शकले असते, मला ते छान जमतं.

काल संध्याकाळी तुझा निरोप मी आईला वाचून दाखवला, सगळंच वाचून दाखवते तसा. तिची सुई थांबली. मला वाटलं, आता तुझ्यावर चिडेल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी व्यासपीठावर चढायच्या आधी मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं." इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर येऊन तिच्यापुढे बसले आणि मग आता करशील का त्या ड्रायव्हरला क्षमा, असं विचारणार, तोच तिने मला हाताने अडवलं. म्हणाली, तू नको, तू लिहून काढशील. दादाला बोलाव. म्हणून हे पत्र. बाबा गेले, आता तिला विचारू शकेल असा तूच राहिलास. तर ये. संदेश तयार करून आणू नकोस, वहिनीला आणू नकोस, कुठलं वचन लागू पडतं ते वाटेत शोधत बसू नकोस. मी दुकानात असेन. तिच्यासमोर बस, तिला विचार, आणि ती हो म्हणो की नाही, ऐकून घे. आणि ते कुणालाही सांगू नकोस, दादा. मलासुद्धा.

तुझीच,
मधली