वेरूळची वेल, चामड्यावर

७ सप्टेंबर
जुन्या बाजारात घबाड! रद्दीत इंग्रजी प्रवासाचं जुनं पुस्तक — कव्हर नाय, अर्धं वाळवीनं खाल्लेलं. पण आत वेरूळच्या लेण्यांची चित्रं. लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापलेली. सगळी जादू रेघेत — जाड, बारीक, मग केसासारखी. त्यातली खांबावरची वेल आपल्या चामडी पर्सवर उतरवायचीच!

१० सप्टेंबर
नुसतं कोरून ती रेघ येत नाय. तीन कातडी वाया. शेवटी सुकेशनीच म्हणाली, "काळ्या चामड्याच्या बारीक पट्ट्या कापा. चिकटवायचं माझ्याकडं." बायकोचा हात माझ्यापेक्षा हलका. एक पान जमलं. दोघं बघतच बसलो.

२ ऑक्टोबर
वेरूळला बद्रीनाथशेठच्या दुकानात नमुना नेला. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "दिवाळीपासून टूरिस्ट येतात. होतील तेवढ्या आणा!"
आता पट्ट्या चिकटवायला पटकन सुकणारं सोल्युशन आणलंय. पट्ट्या उडतात म्हणून पंखा बंद. खिडक्याही.

२६ ऑक्टोबर
वासानं डोकं जड. सुकेशनी म्हणते, सवय होईल.

३० नोव्हेंबर
औरंगपुऱ्याच्या बाजारात गर्दीत सुकेशनीची चप्पल पायातून निघाली. तिला पत्ता नाय! तशीच चालत राहिली. मी ओरडलो, "लक्ष कुठंय तुझं?" ती नुसती पायाकडं बघत उभी. तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाय.

१९ डिसेंबर
सुकेशनीचं बोट तव्याला लागलं. फोड आल्यावर कळलं म्हणे. "थंडीनं बधिर झालंय हो." मीही मान डोलावली. ऑर्डर तोंडावर आहे.
पुस्तकातली हत्तींची रांगही पर्सवर पुरी झाली. इतकं देखणं काम आजवर झालं नव्हतं.

१४ जानेवारी
संक्रांत. सुकेशनी तिळगूळ द्यायला शेजारी निघाली आणि जिन्यात गुडघ्यातून दुमडली. घसरली नाय — पायच नव्हते जणू. उचलताना हाताला थंड लागली.

१६ जानेवारी
डॉक्टरांनी तिच्या पायाच्या तळव्याला टाचणी टोचली. ती दुसरीकडं बघत होती. बघतच राहिली.
"काम काय करता?" मी सांगितलं. "खोली बंद?" व्हय.
सोल्युशनच्या वाफेनं नसा गेल्यात. भरून येईल म्हणाले, पण लई वेळ लागेल, आणि आजपासून तो डबा घरात नको.
घरी आलो, सगळ्या खिडक्या उघडल्या. वास जाईना. भिंतीला ओळीनं पर्स टांगलेल्या — प्रत्येक रेघ तिनं चिकटवलेली. मला त्यांच्याकडं बघवेना. ती मात्र विचारते, "शेठची ऑर्डर?" एवढंच!

१७ जानेवारी
सुकेशनीला दिवस गेलेत. तिसरा महिना. एवढी वर्षं वाट पाहिली आम्ही. "पर्स पोचल्या की सांगणार होते," म्हणाली. "काल डॉक्टरांसमोर तोंडच उघडेना."