विहिरीवरचा जानेवारी

५ सप्टेंबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

पाकिटावरचं नाव बघूनच कपाळाला आठ्या पडल्या असतील, तरी पत्र शेवटपर्यंत वाचा. थोरल्या घरापुढे तुम्ही घराण्याच्या नावांचा दगड बसवताय आणि अक्षरं स्वतः कोरताय, हे कानावर आलं. त्यावर आमच्या मूळपुरुषाला, म्हणजे त्या पहिल्या जोडप्याच्या थोरल्या मुलाला, जागा नाही, हेही आलं.

बाबा ऑपरेशननंतर काठी टेकत सुतारकामाच्या खोलीत जातात आणि त्या मुलाचा पाळणा पुसत बसतात. जन्मभर लोकांची दारं बसवली, पण तुमच्या दारातून त्यांना कुणी कधी आत बोलावलं नाही. त्यांच्या मनाला ते फार लागलंय. एकदा बोलवा ना त्यांना.

राग धरू नका, लोभ धरा.

तुमची पुतणी (मानत असाल तर)

१४ सप्टेंबर

चि. पुतणीस अनेक आशीर्वाद.

मानतो, म्हणून तर लिहायला बसलो. तुझ्या बाबांशी माझं वैर नाही, पण दगडावर खोटं कोरायला माझा हात धजत नाही. आमच्या दारावरच्या दगडात लग्नाची तारीख आहे, एप्रिल १७४०. तुमच्या पाळण्यावर मुलाच्या जन्माची, फेब्रुवारी १७४०. आधी पाळणा हलला, मग लग्न लागलं! तो थोरला घर सोडून का गेला, याचा उलगडा माझ्या पणजोबांनी या दोन तारखांवरून केला. पोर परक्याचं, दुसरं काय?

तसे आमचे पूर्वज आकड्यांत कच्चेच. परसातल्या विहिरीच्या कठड्यावर कोरलंय, खोदाईला सुरुवात नोव्हेंबर १७३८, पाणी लागलं जानेवारी १७३८. खोदायच्या आधीच पाणी! लहानपणापासून आम्ही त्याला हसत आलोय.

बाबांना जप. लोभ आहे, पण दगडाचा नाइलाज आहे.

काका

२ ऑक्टोबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमची ती विहीर माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या छापखान्यात एक फार जुनं कॅलेंडर नव्याने छापायला आलंय. मुद्रितं तपासताना मला वाटलं, पानं उलटसुलट लागली. पहिलं पान मार्चच्या शेवटच्या आठवड्याचं, आणि जानेवारी-फेब्रुवारी पार शेवटी! तक्रार घेऊन गेले तर मालक हसले. म्हणाले, पानं बरोबर आहेत, तेव्हा इंग्रजी वर्ष जानेवारीत नाही, मार्चअखेरीस बदलायचं.

आता जरा विहिरीपाशी उभे राहा, काका. नोव्हेंबर १७३८ नंतर आला तो जानेवारीही १७३८चाच. आधी खोदलं, मग पाणी लागलं. तसंच एप्रिल १७४०मध्ये लग्न झालं, आणि मूल झालं ते पुढच्या फेब्रुवारीत. आपण मात्र त्या तारखा आजच्या कॅलेंडरने वाचत बसलो. थोरला घर सोडून गेला, तो दगडापेक्षा लाकूड आवडायचं म्हणून असेल. बाबांकडे बघा, अजून तेच चाललंय!

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर नाही आलं तर त्यांचा पुन्हा हिरमोड नको. पाळण्याचा डगमगणारा पाय तेवढा त्यांनी नवा बसवलाय.

लोभाचं तुम्हीच ठरवा.

पुतणी

१३ ऑक्टोबर

चि. पुतणीस अनेक आशीर्वाद.

विहिरीवर गेलो. आकड्यांवरून बोट फिरवलं. ज्याला आम्ही खुळा ठरवलं तो कोरणारा अगदी शुद्धीवर होता गं. खूप बरं वाटलं आणि तुझ्या बाबांची आठवण आली.

थोरल्याचं नाव सगळ्यांत वर हवं, आणि वर तर जागाच ठेवली नव्हती. शेवटी दगड उलटवला आणि मागच्या बाजूने पहिल्यापासून कोरायला घेतलं. पाठीत उसण भरलीय, बायको रोज हजेरी घेते. जन्मसाल १७४०-४१ असं जोडून लिहिलंय, म्हणजे पुढचा शहाणा फसणार नाही.

तुझ्या बाबांना निमंत्रण धाडत नाही. रविवारी गाडी घेऊन मीच त्यांना न्यायला येतोय. एक मागणं आहे, आमच्या सुनेचे दिवस भरत आलेत, तेव्हा पाळणाही गाडीत घालू दे. बाळ त्यात निजेपर्यंत सुताराचा मुक्काम आमच्याकडेच, हे त्याला सांगून ठेव.

लोभ होताच, आता तो चारचौघांत मिरवू.

तुझा काका (पुतणीनेही यापुढे कंस घालू नये)